सिकंदर फाटकाशी उभा

६ नोव्हेंबर २०१६, रविवार

काकांकडे जेवायला गेलो होतो. भाविक चुलत भाऊ आहे म्हणून जावं लागतं. तो मध्येच उठून नाक्यावर पान आणायला गेला. परत आला तर त्याचा लॅब्रेडॉर असा धावत सुटला की जसा भाविक दुबईहून आलाय. शेपटी काय, उड्या काय. भाविक सगळ्यांकडे बघून बोलला, याला मी सोडून कोणी दिसतच नाही. बायका कौतुकाने बघत होत्या. पानपण स्वतःपुरतंच आणलं होतं.

घरी आलो. स्कॉर्पिओचा हॉर्न दोनदा मारला. कोणी आलं नाही. उतरून फाटक मीच उघडलं. आत बायको निशा लॅपटॉपवर, दाजी टीव्हीसमोर. (दाजी म्हणजे माझे वडील. अख्खं पूर्णा गाव त्यांना दाजी बोलतं, म्हणून मीपण.) एकानेही मान वळवली नाही. घरातला कर्ता माणूस येतो आणि कोणाला पत्ता नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

ठरलं. कुत्रा पाळायचा. लॅब्रेडॉर नाही, ग्रेट डेन. भाविकचं कुत्रं त्याच्या पोटाखालून गेलं पाहिजे.

फाटकाची बिजागरी फार करकरते. उद्या तेल घालणे.

२० नोव्हेंबर २०१६

आणला. गव्हाळ रंग, तोंड काळं, आणि पाय नुसते पाय. पायांची आणि बाकीच्या कुत्र्याची अजून ओळख झालेली नाही. पुढचे डावीकडे निघतात, मागचे विचार करत बसतात. दाजींनी चष्मा लावून बघितलं आणि बोलले, "ह्यो कुत्रा न्हाय, रेडकू हाय."

नाव ठेवलं सिकंदर.

निशाने अट घातली. फिरवणं, खायला घालणं, साफसफाई, सगळं तुम्ही करायचं. सहा महिन्यांत जमलं नाही तर ज्याचा त्याला परत. मी बोललो, तुला बोटसुद्धा लावायला लागणार नाही. ग्रेट डेन एकाच मालकाचा असतो, नेटवर वाचलंय. संध्याकाळी तो निशाच्या चपलेत तोंड घालून झोपला. माझी चप्पल शेजारीच होती. लहान आहे, वासात चूक होते.

४ डिसेंबर २०१६

बैलांच्या शर्यतींवर बंदी आल्यापासून आमचा गोठा रिकामा. शेवटचा बैल टेम्पोत चढवला त्या दिवशी दाजी जेवले नव्हते. पण ज्ञान सगळं डोक्यात तसंच. आज त्यांना विचारलं, शर्यतीच्या बैलाला खुराक काय द्यायचात? दाजी ताडकन उठले. मला वाटतं बंदीनंतर पहिल्यांदा कोणी त्यांना काही विचारलं. दूध, अंडी, बदाम, खारीक, उडदाची डाळ, वरून तूप. चार पाय बैलाला, चार पाय याला, फरक तो काय? दोघांनी मिळून चारलं. कॅल्शियमची पावडर माझी आयडिया. दाजींच्या काळात ती नव्हती, नाहीतर पंचक्रोशीत त्यांना कोणी हरवलं नसतं.

पाकिटातलं खाणं भाविकच्या कुत्र्याला.

संध्याकाळी सिकंदरला जुलाब. साफसफाई निशाने केली. मी धामणकर नाक्यावर प्रॉपर्टीच्या मीटिंगला होतो. पहिली वेळ धरायची नसते.

१ जानेवारी २०१७

संकल्प. रोज पहाटे उठून सिकंदरला खाडीपर्यंत चालवणे. त्यात माझंही पोट उतरेल. निशाला सांगितलं. ती "बरं" बोलली. या "बरं"चा सूर मला पटला नाही.

३ जानेवारी २०१७

थंडी फार. घसा धरलाय. निशा गोडाऊनच्या ड्युटीला जायच्या आधी त्याला फिरवून आणते. तात्पुरती व्यवस्था. मी खिडकीतून लक्ष ठेवतो, बारीकसारीक सूचना देतो. काच बंद असल्यामुळे तिला ऐकू जात नसाव्यात.

१८ फेब्रुवारी २०१७

आज स्पीडचं ट्रेनिंग. बैलाला गाडीमागे पळवतात तसं सिकंदरला बाईकला बांधून सावकाश पळवलं. थोडा पळाला छान. मग चारही पायांची गाठ बसली आणि कोलमडला. गोडाऊनला चाललेला ट्रकवाला थांबून बोलला, "सेठ, ये घोड़ा कितने का लिया?" अडाणी.

लंगडत होता म्हणून टेमघरला डॉक्टर संघरत्ना मॅडमकडे नेला. त्यांनी पुढचे पाय दाबून बघितले. जरा बाकदार झालेत. खायला काय देता विचारलं. मी अभिमानाने सगळं सांगितलं, तुपासकट. मॅडमनी पेन खाली ठेवला. तुम्हाला कुत्रा पाळायचाय की शर्यत जिंकायचीय? दोन्ही, मी बोललो.

मग त्या निशाकडे वळून बोलल्या. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढवायचं असतं. वजन आणि कॅल्शियम चढवलं की सांध्यांची वाट लागते. साधं खाणं, पळवणं बंद. "आत्ता जे चढवाल ते म्हातारपणी याच्या कमरेतून निघेल."

मॅडम पुस्तकी आहेत. तरी मान ठेवून बदाम बंद केले. घरी आल्यावर निशाने खुराकाच्या कपाटाला कुलूप लावलं आणि चावी कमरेला. आता खाणं तीच बघते. म्हणजे धोरण माझं, अंमलबजावणी तिची.

२१ मे २०१७

सहा महिने झाले. सकाळपासून टेन्शन. निशा काय बोलते म्हणून उगाच गोठ्यात झाडू मारला. ती सोफ्यावर बसली होती. सिकंदरचं अर्धं अंग सोफ्यावर, अर्धं फरशीवर, डोकं तिच्या मांडीत. "ए गाढवा, सरक," ती बोलली. तो सरकला.

मी लांबून हाक मारली, सिकंदर! पुन्हा मारली. कान तपासायला हवेत. नाहीतर विचार करून हुकूम पाळत असेल, हुशार जातीत तसं असतं. गाढवा म्हटलं की लगेच उठतो. नाव बिघडवलंय बाईने.

पण परत द्यायचा विषय निघाला नाही. मुदत संपली, मी पास.

१४ ऑगस्ट २०१७

ऐतिहासिक दिवस!

नाक्यावरून लवकर निघालो. दिवेलागणीला घरी पोचतो तर सिकंदर फाटकाच्या गजांवर पुढचे दोन्ही पाय टाकून उभा. नजर रस्त्यावर. दाजी बोलले, रोज या टायमाला उभा राहतो, कोणाला सरकवू देत न्हाय. रोज! मी तिकडे नाक्यावर चहा पीत बसतो आणि इथे हा मुका जीव माझी वाट बघतो.

उतरलो तर मागून निशाची स्कूटी आली. सिकंदर माझ्या बाजूने निघून तिच्याभोवती नाचत सुटला. आनंद एवढा झाला की कुठे उतू जाईल त्याला कळत नव्हतं.

भाविकला लगेच फोन करून कळवलं. बिजागरी अजून करकरते. उद्या नक्की.

२५ फेब्रुवारी २०१८, रविवार

भाविकची हळद. प्लॅन असा होता. नवरदेव यायच्या आधी माझी आणि सिकंदरची एंट्री. मला कडक पांढरा शर्ट, त्याच्या गळ्यात पिवळी साखळी. डीजेवाल्याला सांगून ठेवलं होतं, आम्ही मांडवात शिरलो की बेस सोड.

त्याने सोडला.

पुढचं सगळं फार भराभर झालं. सिकंदर निघाला, पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळलेला, म्हणून मीपण निघालो. खुर्च्या गेल्या. काकूंची हळदीची वाटी गेली. मटणाचा टोप देवाच्या कृपेने वाचला. निशा लग्नाचा धवला गाणाऱ्या बायकांत बसली होती. सिकंदर गर्दी फोडत तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या मांडीत बसला. अख्खा. हळदीने पिवळा, थरथर कापत. निशाने त्याचे दोन्ही कान तळव्यांनी झाकून धरले, डीजे बंद होईपर्यंत. तिच्या नव्या साडीची पार वाट लागली.

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा घसरतानाचा व्हिडिओ फिरतोय. लोकांना कळत नाही. एवढ्या गोंधळात घरच्या बाईला कव्हर देणं, तेपण ट्रेनिंगशिवाय. हे संस्कार कोणाचे?

१० जून २०१९

अंगणातली पाण्याची मोटर चोरीला गेली. सीसीटीव्ही बघितला. चोर आला, सिकंदर उठला, शेपटी हलवली. चोराने डोकं खाजवलं, तसा हा उताणा झाला. चोर जाताना हा फाटकापर्यंत सोडायला गेला.

पोलिसांना हसू आवरत नव्हतं. मी समजावलं, बघा, चोर किती वेळ कॅमेऱ्यासमोर थांबला. कोणामुळे?

१२ एप्रिल २०२०

लॉकडाऊन. नाका बंद, मी घरात. निशाच्या गोडाऊनमध्ये किराण्याचा माल, म्हणून तिला पास. आमच्याच जुन्या शेतावर उभं आहे ते गोडाऊन. तिथे ती नोकरी करते आणि मी घरी तिच्या हातची यादी घेऊन डाळ शिजवतो. असो.

एक गोष्ट लिहून ठेवतो. मी दिवसभर घरात असूनही सिकंदर दिवेलागणीला फाटकाशी जातो. मी समोर उभा राहून बोललो, अरे, मी इथे आहे. त्याने माझ्या कमरेच्या बाजूने मान काढून रस्ता बघितला. याला म्हणतात शिस्त. मालक असो नसो, ड्युटी सोडायची नाही. निशा आली की आत येतो, कारण फाटक बंद व्हायची वेळच ती असते.

१९ डिसेंबर २०२१

शर्यतीवरची बंदी उठली. दाजींनी पेढे वाटले. गोठा धुऊन काढला. एक खोंड बघायला आणलं होतं. सिकंदरने त्याला बघितलं आणि घरात जाऊन निशाच्या पलंगाखाली शिरला. पलंगाखाली तो मावत नाही, म्हणून पलंग वर उचलला गेला.

आता तो घरातच झोपतो. निशाच्या बाजूला फरशीवर. माझी बाजू भिंतीकडे असल्यामुळे त्याला जागा नाही.

खोंड घेतलं नाही शेवटी. दाजी बोलले, आता धावायला आपल्यात कोण उरलाय.

८ ऑक्टोबर २०२३

तोंडावरचा काळा रंग पार पांढरा झाला. सात वर्षं म्हणजे या जातीत आजोबा. जिना चढत नाही. उठताना आधी पुढचे पाय उठतात, मग मागच्यांची वाट बघतो, पिल्लू होता तसंच. संघरत्ना मॅडमनी एक्स-रे काढला. कंबर. सांधे. त्या जुनं काही बोलल्या नाहीत. मला वाटलं बोलतील. मीच विचारलं, हे त्या खुराकामुळे का? त्या बोलल्या, थोडं जातीचं, थोडं वयाचं. "थोडं" किती ते विचारलं नाही.

औषधं निशा देते. मी गाडीत त्याच्यासाठी गादी टाकली. भाविकचं कुत्रं मागच्या वर्षी गेलं. त्याला फोन करून चांगलं बोललो.

संकल्प, उद्यापासून रोज त्याच्या कमरेला तेल लावणे. बिजागरीलाही.

२२ जानेवारी २०२५

निशाला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी ठाण्याला ॲडमिट केलंय. तिची आई सोबत आहे. जाताना तिने मला सिकंदरचं सगळं समजावलं. मी बोललो, काळजी नको, शेवटी कुत्रा कोणाचा आहे?

तो जेवला नाही. चिकन उकडून दिलं, नाही. दाजींनी कपाटातून काढून तूप लावून भाकरी दिली, तिचा वास घेतला आणि मान फिरवली. फाटकाशी जाऊन पडला. काळोख झाला तरी उठेना. सिकंदर, बाळा, राजा, सगळं बोलून झालं. त्याच्या बाजूला फरशीवर बसलो. थंडी होती. एकदा त्याने माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं, रागाने नाही. मग परत रस्ता.

शेवटी निशाला व्हिडिओ कॉल लावला. तिचा आवाज बारीक झाला होता. "गाढवा, जेव की रे," ती बोलली. त्याने वाटी साफ केली.

नेटवर्क चांगलं होतं म्हणून जमलं.

१६ मार्च २०२५

मागचे पाय आता उचलत नाहीत. मॅडमनी शिकवलं. मोठा टॉवेल पोटाखालून घालायचा, दोन्ही टोकं वर धरायची. मागचं अंग आपण उचलायचं, पुढचं तो चालवतो. निशाला ऑपरेशननंतर जड उचलायचं नाही. दाजींना वाकता येत नाही. म्हणजे मी.

आज रविवार असूनही गोडाऊनमध्ये माल यायचा होता म्हणून निशा ड्युटीवर. दिवेलागणीला सिकंदर कुंथायला लागला. टॉवेल घातला. मला वाटलं होतं कुठे न्यायचं ते मी ठरवणार. तो पुढे, मी मागे. फाटकाशी थांबला. मीपण थांबलो, कमरेत वाकून, टॉवेल धरून. दोघंही रस्त्याकडे बघत होतो. ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकला त्याची मान वळायची आणि परत सरळ व्हायची. गेटवर उभं राहून रस्ता बघायचं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. कंबर मोडायला आली.

मग वळणावर स्कूटीचा आवाज आला. अजून दिसलीसुद्धा नव्हती. सिकंदरचं सगळं अंग थरथरलं, ते टॉवेलमधून माझ्या हातांपर्यंत आलं. शेपटी माझ्या तोंडावर सटासट बसली.

इथे लिहिणार होतो की स्कूटीच्या मागून माझी गाडी येते का, ते तो बघत होता. पण गाडी अंगणात होती. आणि मी तर तिथेच होतो, त्याचं मागचं अंग धरून.

भाविकला कळवायची गरज नाही.

१७ मार्च २०२५

नाक्यावरून लवकर निघालो. टॉवेल. फाटक. मला काय, पोटाचा व्यायाम होतो.

३० एप्रिल २०२५

आज एका पार्टीबरोबर मोठी मीटिंग होती, ती अर्धी टाकून आलो. सिकंदर टॉवेलकडे बघत बसला होता. उशीर झाला म्हणून हिडीसफिडीस केल्यासारखा भुंकला. एकदाच. आठ वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा भुंकला. मी आलो का नाही याचा त्याला फरक पडला म्हणून भुंकला ना?

झोपेपर्यंत बरं वाटलं.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

सिकंदर गेला.

निशाला सुट्टी होती, ती घरीच होती, म्हणून त्याला फाटकाशी जायचं नव्हतं. डोकं तिच्या मांडीत. मी टॉवेल घेऊन बाजूला उभा होतो, लागला तर म्हणून. लागला नाही.

गावात आता पुरायला जमीनच कुठे आहे, सगळीकडे काँक्रीट. गोठ्यामागचा तुकडा तेवढा मातीचा. तिथे पत्र्याचे गाळे काढायचे ठरले होते. पार्टीला नको म्हणून सांगितलं. दाजींनी खड्ड्यात मूठभर बदाम टाकले. डॉक्टर मॅडम काय बोलतील, मी विचारलं. आता काय बोलणार हाय, दाजी बोलले, आणि तिथेच बसून रडले. मीपण.

७ ऑक्टोबर २०२५

नाक्यावरून दिवेलागणीच्या आधीच घरी आलो. काम संपलं होतं असं नाही. चहा घेतला. टॉवेल दोरीवर वाळत असतो, कोणी काढत नाही. मग फाटकाशी गेलो. सहज. गजांवर हात ठेवून उभा राहिलो. ट्रक जात होते.

वळणावर स्कूटीचा आवाज मला आधीच ओळखू आला.

निशा फाटकासमोर थांबली. लग्नाला वीस वर्षं होतील, मी तिला इथे कधी दिसलो नव्हतो. "अहो, इथे काय करताय?"

मी बोललो, बिजागरीला तेल घालतोय.

तिने माझ्या हातांकडे बघितलं. हातात बाटली नव्हती. मग तिने फाटक ढकललं. ते करकरलं.

"चल आत, गाढवा."

गेलो.